प्रकाश मुरला की भरकटला? दुधाळ पदार्थातलं शोषण लेसरच्या उष्णतेने मोजताना

एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला यूव्ही-व्हिस स्पेक्ट्रोफोटोमीटर आपण सगळ्यांनीच वापरलेला असतो. क्युव्हेटमध्ये द्रावण भरायचं, झाकण लावायचं, अ‍ॅबसॉर्बन्सचा आकडा वहीत उतरवायचा आणि बीअर-लॅम्बर्टच्या नियमात घालून कॉन्सन्ट्रेशन काढायचं. पडद्यावर 'अ‍ॅबसॉर्बन्स' असंच लिहिलेलं असतं, त्यामुळे यंत्राने शोषणच मोजलं असं आपण धरून चालतो.

पण त्याने खरं तर काय मोजलेलं असतं? सॅम्पलमध्ये शिरलेला प्रकाश आणि पलीकडच्या डिटेक्टरपर्यंत सरळ पोहोचलेला प्रकाश. एवढंच. मध्ये जो प्रकाश हरवला, तो कुठे गेला हे यंत्राला माहीत नसतं. स्वच्छ, पारदर्शक द्रावणात 'हरवला म्हणजे शोषला गेला' असं म्हणणं चालून जातं. दुधाळ किंवा गढूळ सॅम्पलमध्ये मात्र ते चालत नाही. तिथे बराचसा प्रकाश फक्त वाट बदलून दुसरीकडे निघून गेलेला असतो.

खडीसाखर आणि पिठीसाखर घ्या. खडीसाखरेच्या चांगल्या खड्यातून आरपार दिसतं. तीच मिक्सरमध्ये दळली की पांढरीशुभ्र, अपारदर्शक भुकटी होते. रेणू तेच, शोषणही तेच. बदललं ते इतकंच, की आता प्रकाशाला वाटेत लाखो पृष्ठभाग लागतात आणि प्रत्येक ठिकाणी तो थोडा वळतो. शाळेच्या पुस्तकात याला 'प्रकाशाचे विकिरण' म्हटलंय. लॅबमध्ये आपण सरळ स्कॅटरिंग म्हणतो. पिठीसाखरेचा थर स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ठेवला तर आकडा भरपूर येईल, पण तो शोषणाचा नसेल.

आता संशोधनात येणारी सॅम्पल्स आठवा: रक्त, दूध, त्वचा, रंगाचा थर, नॅनोकणांचं सस्पेन्शन, शेवाळाचं कल्चर, धुरकट हवा. यातलं जवळपास काहीच पारदर्शक नाही. म्हणून 'प्रकाश मुरला की भरकटला' हा प्रश्न पीएच.डी.त लवकरच समोर येतो. त्याचं एक जुनं आणि भरवशाचं उत्तर म्हणजे सॅम्पलवर लेसर टाकून त्यातली उष्णता मोजणं. ही पद्धत कशी चालते आणि तिचीही मेख कुठे आहे, ते या लेखात बघू.

वजाबाकीने का भागत नाही?

पहिला विचार असा येतो, की विखुरलेला प्रकाशही गोळा करू आणि हिशोबातून वजा करू. त्यासाठी इंटिग्रेटिंग स्फिअर असतो. आतून पांढराशुभ्र असलेला पोकळ गोळा, जो सगळ्या दिशांनी आलेला प्रकाश एकत्र करून डिटेक्टरला देतो. हे उपकरण चांगलं आहे आणि अनेक कामांना पुरतंही. अडचण येते ती शोषण कमी आणि स्कॅटरिंग जास्त असतं तेव्हा.

समजा एकूण हरवलेला प्रकाश १०० एकक आहे आणि त्यातला ९० एकक स्कॅटरिंगमुळे गेलाय. दोन्ही मापनांत ±३ एककांची अनिश्चितता आहे, म्हणजे तशी बरीच चांगली मापनं आहेत. वजाबाकी केली की शोषण येतं १०. पण अनिश्चितता वजा होत नाही, तिची बेरीज वर्गांनी होते. ९ अधिक ९ म्हणजे १८, त्याचं वर्गमूळ साधारण ४. उत्तर झालं १० ±४. दोन मापनं तीन-साडेतीन टक्क्यांची, आणि उत्तरात चूक चाळीस टक्क्यांची!

हा आकडा कुठे महत्त्वाचा ठरतो? दक्षिण आशियावर आणि हिंदी महासागरावर हिवाळ्यात पसरणाऱ्या धुरक्याचं उदाहरण घ्या. १९९९ मध्ये 'इंडोएक्स' या आंतरराष्ट्रीय मोहिमेत त्याचा मोठा अभ्यास झाला. धुरक्यातले कण सूर्यप्रकाश नुसता विखुरत असतील तर त्यातला काही भाग परत अवकाशात जातो आणि खालचा भाग थंड राहतो. त्यात काजळी असेल तर प्रकाश हवेतच मुरतो आणि तो हवेचा थर तापतो. धुरकं एकच, पण 'तापवतं की थंड करतं' याचं उत्तर त्या छोट्या शोषणाच्या वाट्यावर अवलंबून. तोच वाटा १० ±४ असेल, तर पुढच्या मॉडेलमध्ये काय विश्वासाने घालणार?

उष्णता कशासाठी?

कल्पना साधी आहे. स्कॅटरिंगमध्ये फोटॉनची दिशा बदलते, पण त्याची ऊर्जा जवळपास तशीच राहते आणि तो कधी ना कधी सॅम्पलबाहेर पडतो. शोषलेला फोटॉन मात्र बाहेर येत नाही. त्याची ऊर्जा रेणूंच्या हालचालीत जिरते, म्हणजे सॅम्पल तापतं. म्हणून सॅम्पल तापलं असेल तर काहीतरी शोषलं गेलंय. नुसतं विखुरलं असतं तर तापलं नसतं.

इथे वजाबाकी नाही, हा मोठा फायदा. शोषण शून्य असेल तर सिग्नलही शून्य. दुसरा फायदा असा, की लेसरची शक्ती दुप्पट केली की तापमानवाढही दुप्पट होते. पारगमन मोजताना असं होत नाही. तिथे शक्ती कितीही वाढवली तरी टक्केवारी तीच राहते.

एकदा आकडे टाकून बघू. क्युव्हेटमध्ये ३ मिलिलिटर पाण्यासारखं द्रावण आहे. ५३२ नॅनोमीटरचा, १०० मिलिवॉटचा हिरवा लेसर त्यातून जातोय आणि त्यातला १% शोषला जातोय. म्हणजे सॅम्पलला मिळतात १ मिलिवॉट. पाण्याची विशिष्ट उष्णता ग्रॅमला ४.१८ ज्यूल, तेव्हा ३ ग्रॅम तापवायला अंशाला सुमारे १२.५ ज्यूल लागतील. १०० सेकंदांत ०.१ ज्यूल जमा होतील आणि तापमान वाढेल ०.००८ अंश, म्हणजे ८ मिलिअंश.

कमी वाटतं ना? पण चांगला थर्मिस्टर आणि शांत ब्रिज सर्किट असेल तर एक मिलिअंशाच्या आसपासचा फरक दिसतो. याउलट १% शोषण म्हणजे अ‍ॅबसॉर्बन्स जेमतेम ०.००४४. दुधाळ सॅम्पलमध्ये स्पेक्ट्रोफोटोमीटरवर हा आकडा स्कॅटरिंगच्या ढिगाखाली कुठेच सापडणार नाही.

कॅलिब्रेशनही सरळ आहे. त्याच द्रावणात छोटा रेझिस्टर बुडवायचा, त्यातून १ मिलिवॉट विद्युतशक्ती द्यायची आणि तापमान कोणत्या चालीने वाढतं ते बघायचं. लेसरने तीच चाल दिली तर शोषलेली शक्तीही १ मिलिवॉट. क्युव्हेटची काच किती तापते, उष्णता बाहेर किती गळते, याचा वेगळा हिशोब फारसा करावा लागत नाही. दोन्ही वेळी ते सारखंच असतं. लेसरसाठीचे आरसे आणि भिंगं किती प्रकाश शोषतात हेही अशाच लेसर कॅलोरिमेट्रीने मोजतात.

तापमान वाचायच्या आणखी काही रीती

थर्मिस्टर ही सगळ्यात सोपी रीत. पण सॅम्पल भुकटी असेल, फार थोडं असेल किंवा हवेत तरंगत असेल, तर दुसरी वाट शोधावी लागते.

पहिली वाट आवाजाची. १८८० मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या लक्षात आलं, की सूर्यप्रकाश झपाट्याने चालू-बंद करत पातळ चकतीवर पाडला तर चकतीतून आवाज येतो. पुढे काजळीचा थर घेतला तेव्हा आवाज आणखी मोठा आला. कारण असं: पदार्थ प्रकाश शोषतो, तापतो, त्याला लागून असलेली हवा प्रसरण पावते, प्रकाश थांबला की आकुंचन पावते. दाबाची ही लाट म्हणजेच ध्वनी. यालाच फोटोअकूस्टिक परिणाम म्हणतात. लेसर आणि चांगले मायक्रोफोन आल्यावर १९७० च्या दशकात ही पद्धत पुन्हा उभी राहिली आणि १९७६ मध्ये रोझेनक्वाइग आणि गेर्शो यांनी घन पदार्थांसाठी तिचा सिद्धांत मांडला. तेव्हापासून भुकट्या आणि अपारदर्शक सॅम्पल यांचे स्पेक्ट्रम असे घेता येऊ लागले.

यात एक जास्तीची सोय आहे. चॉपरची वारंवारता बदलली की किती खोलीवरची उष्णता पृष्ठभागापर्यंत पोहोचेल ते बदलतं. पाण्यासारख्या पदार्थात १० हर्ट्झला ही खोली सुमारे ६७ मायक्रोमीटर असते, १००० हर्ट्झला सुमारे ७. म्हणजे वारंवारतेचं बटण फिरवून थराथराची माहिती काढता येते.

दुसरी वाट भिंगाची. लेसरच्या मध्यभागी द्रावण जास्त तापतं, कडेला कमी. तापलेल्या द्रवाचा अपवर्तनांक कमी होतो. पाण्यात खोलीच्या तापमानाला अंशाला साधारण ०.०००१ ने. त्यामुळे द्रवात एक अंतर्वक्र भिंग तयार होतं आणि शलाका पसरते. ही थर्मल लेन्स. १९६५ मध्ये बेल लॅब्जच्या गटाने तिच्याबद्दल लिहिलं. पद्धत अतिशय संवेदनशील आहे, पण शलाका सॅम्पलमधून बऱ्यापैकी सरळ बाहेर यावी लागते. म्हणून किंचित धूसर द्रावणात ती चालते, घट्ट दुधाळ सॅम्पलमध्ये नाही.

तिसरी वाट मृगजळाची. भर उन्हात डांबरी रस्त्यावर पाणी साचल्यासारखं दिसतं, कारण तापलेल्या हवेत प्रकाश वाकतो. तसंच, तापलेल्या जागेजवळून दुसरी बारीक लेसर शलाका नेली तर ती किंचित वाकते, आणि किती वाकली त्यावरून शोषण कळतं. याला फोटोथर्मल डिफ्लेक्शन म्हणतात. याशिवाय पृष्ठभागातून बाहेर पडणारे अवरक्त किरण थेट डिटेक्टरने किंवा कॅमेऱ्याने टिपता येतात. त्वचेसारख्या सॅम्पलला हात न लावता मापन करायचं असेल तर ही रीत बरी पडते.

खरी मेख

इथपर्यंत वाचून वाटेल, की उष्णता मोजली म्हणजे प्रश्न मिटला. मिटत नाही. मला विचाराल तर या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथून सुरू होते.

उष्णता सांगते ती एकूण किती ऊर्जा शोषली गेली ते. आपल्याला हवा असतो पदार्थाचा गुणधर्म, म्हणजे शोषणांक: दर सेंटीमीटरला किती. या दोघांमध्ये उभा असतो तिसरा आकडा: त्या जागी मुळात प्रकाश किती होता. सगळ्या दिशांनी मिळून एखाद्या बिंदूपाशी येणाऱ्या या प्रकाशऊर्जेला फ्लुएन्स म्हणतात. शोषलेली ऊर्जा म्हणजे शोषणांक गुणिले फ्लुएन्स.

पारदर्शक द्रावणात फ्लुएन्स सहज कळतो, कारण प्रकाश सरळ जातो. दुधाळ सॅम्पलमध्ये तो भरकटतो. रिकाम्या रस्त्याने तडक जाणारा माणूस चार दुकानांवरून जातो. बाजारात भटकणारा चाळीस दुकानांवरून, म्हणून त्याचा खिसा जास्त हलका होतो. फोटॉनचंही तसंच. वाट लांबली की शोषक रेणू भेटण्याची शक्यता वाढते. पृष्ठभागाच्या लगेच खाली तर बाहेरून येणारा आणि आतून परत फिरलेला असा दोन्ही प्रकाश असतो. शोषण कमी आणि स्कॅटरिंग भरपूर असेल तर तिथला फ्लुएन्स आपण टाकलेल्या प्रकाशाच्या दोन-तीन पटींच्याही वर जाऊ शकतो.

याचा अर्थ असा, की पाण्यात थोडी शाई आहे आणि त्यात तुम्ही जवळजवळ काहीच न शोषणारे स्कॅटरिंग कण टाकले, तर शोषणांक न बदलताही तापमानवाढ बदलू शकते. म्हणजे स्कॅटरिंगला आपण पुढच्या दाराने घालवलं आणि ते मागच्या दाराने परत आलं!

यावर उपाय आहेत, आणि प्रत्येकाची किंमत आहे.

एक, सॅम्पल इतकं पातळ घ्यायचं की फोटॉन फार तर एकदा विखुरेल. मग फ्लुएन्स बाहेरच्याइतकाच धरता येतो. पण सिग्नलही तेवढाच कमी होतो.

दोन, माहीत असलेलं शोषण थोडंथोडं मिसळायचं. समजा मूळ सॅम्पलची तापमानवाढ २४ मिलिअंश आहे. त्यात सेंटीमीटरला ०.०१ इतकं शोषण वाढवणारा रंग टाकला तर ती ३६ झाली, ०.०२ टाकला तर ४८. तिन्ही बिंदू एका रेषेत आहेत. रेषा डावीकडे वाढवली तर सिग्नल शून्य होतो तो −०.०२ ला. म्हणून मूळ शोषणांक सेंटीमीटरला ०.०२. अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्रीतली स्टँडर्ड अ‍ॅडिशनची पद्धत, तीच ही. फ्लुएन्स किती हे कळलं नाही तरी चालतं, तो सगळ्या मापनांत सारखा असला की झालं. रंग जास्त झाला की तो स्वतःच प्रकाश खाऊ लागतो, फ्लुएन्स घटतो आणि रेषा वाकते. म्हणून आधी रेषा सरळ आहे का ते बघायचं, मगच वाढवायची.

तीन, प्रकाश एका बाजूने न टाकता सगळीकडून सारखा टाकायचा. यामागे एक सुंदर निष्कर्ष आहे. सॅम्पलला सर्व बाजूंनी एकसारखा प्रकाश मिळत असेल आणि आतबाहेर अपवर्तनांक सारखा असेल, तर आतल्या वाटेची सरासरी लांबी स्कॅटरिंगवर अवलंबूनच राहत नाही. ती असते घनफळाच्या चौपटीला पृष्ठफळाने भागून येणारा आकडा. १ सेंटीमीटरच्या घनासाठी ४ भागिले ६, म्हणजे ०.६७ सेंटीमीटर, आत पाणी असो वा दूध. काही फोटॉन कडेवरूनच लगेच परत फिरतात, काही आत खूप वेळ भटकतात, आणि सरासरी तीच राहते. २०१७ मध्ये हे प्रयोगानेही दाखवण्यात आलं. इंटिग्रेटिंग कॅव्हिटीच्या पद्धती या सममितीचाच फायदा घेतात.

उष्णता कुठे फसवते

फ्लुएन्सशिवाय आणखी तीन जागा सांभाळायच्या.

पहिली, सेन्सर. दुधाळ सॅम्पलमध्ये विखुरलेला प्रकाश थेट थर्मिस्टरवर पडतो आणि थर्मिस्टर स्वतःच तापतो. सॅम्पल थंड, आकडा मात्र वर! हे ओळखायचं वेळेवरून. लेसर चालू केल्या केल्या जी एकदम उडी दिसते ती सेन्सरची, त्यानंतर सावकाश चढणारी रेषा सॅम्पलची. लेसर बंद केल्यावर तेवढीच उडी खाली दिसली पाहिजे. म्हणून सुरुवातीचे आणि शेवटचे आकडे फेकून देऊ नका. संपूर्ण वक्र जपून ठेवा.

दुसरी, शोषलेली सगळी ऊर्जा उष्णता होतेच असं नाही. समजा एखादा फ्लुओरोसंट रंग ५३२ नॅनोमीटरला शोषतो, ५७० ला उत्सर्जित करतो आणि त्याची क्वांटम यील्ड ०.९५ आहे. मग उष्णतेत जाणारा वाटा येतो १ वजा (०.९५ × ५३२ ÷ ५७०), म्हणजे जेमतेम ११%. उष्णता मोजून तुम्ही म्हणाल शोषण कमी, आणि ते असेल नऊपट जास्त. प्रकाशरासायनिक अभिक्रियेतही असंच होतं. अर्थात हाच दोष उलटा वापरून क्वांटम यील्डही काढतात.

तिसरी, उष्णतेपासून सिग्नलकडे जाणारा दुवा. स्पंद लेसरने पाण्यात निर्माण होणारा फोटोअकूस्टिक दाब पाण्याच्या प्रसरणावर अवलंबून असतो. दहावीतलं 'पाण्याचे असंगत आचरण' आठवतं? ४ अंश सेल्सिअसला पाण्याचा प्रसरणांक शून्य असतो. त्या तापमानाला तेच सॅम्पल, तोच लेसर, तेवढंच शोषण, पण आवाज जवळपास गायब. म्हणून खोलीचं तापमान नोंदवणं हे केवळ वहीची शोभा वाढवायला नसतं.

पाण्याचा आकडा कसा ठरला

हे सगळं एकत्र कसं येतं याचं मला आवडणारं उदाहरण म्हणजे शुद्ध पाणी. निळ्या प्रकाशात पाणी इतकं कमी शोषतं, की रेणूंमुळे होणारं स्कॅटरिंग जवळपास तेवढंच भरतं. त्यामुळे स्वच्छ पाणीही या बाबतीत 'दुधाळ' सॅम्पलच्या वळणावर जातं, आणि त्यात थोडी अशुद्धता मिसळली तर मापनाचा बोजवारा उडतो.

१९८१ मध्ये प्रसिद्ध झालेले स्मिथ आणि बेकर यांचे आकडे समुद्रशास्त्रात बरीच वर्षं वापरात होते. १९९७ मध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठातल्या एडवर्ड फ्राय यांच्या गटाने 'अप्लाइड ऑप्टिक्स'मध्ये एकापाठोपाठ एक दोन पेपर दिले. पहिला सोगांदारेस आणि फ्राय यांचा, फोटोथर्मल डिफ्लेक्शनने केलेला. दुसरा पोप आणि फ्राय यांचा, इंटिग्रेटिंग कॅव्हिटीने केलेला. एका पद्धतीत उष्णता मोजली, दुसरीत प्रकाश; दोन्हींच्या चुका होण्याच्या जागा वेगळ्या. आणि उत्तरांचा चांगला मेळ बसला. पोप आणि फ्राय यांना शोषणाचा तळ ४१८ नॅनोमीटरला मिळाला, मीटरला ०.००४४. त्या भागात जुने आकडे तिपटीहून जास्त होते.

उपग्रहावरून समुद्राचा रंग बघून त्यातल्या शेवाळाचा अंदाज बांधतात, तेव्हा पाण्याचं स्वतःचं शोषण आधी हिशोबात घ्यावं लागतं. पायाचाच आकडा तिपटीने चुकला तर वरची इमारत किती हलेल, विचार करा. इथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की विश्वास आला तो एका भारी यंत्रामुळे नाही. वेगवेगळ्या प्रकारे चुकू शकणाऱ्या दोन पद्धती एकाच उत्तराला आल्या म्हणून.

काजळीकडे परत

मघाचं धुरकं घेऊ. हवेतली काजळी मोजायची प्रचलित रीत म्हणजे हवा फिल्टरमधून ओढायची आणि फिल्टर किती काळा झाला ते प्रकाशाने बघायचं. एथॅलोमीटर असाच चालतो. भारतात इस्रोच्या एआरएफआय प्रकल्पाच्या केंद्रांवरही ही यंत्रं वापरतात. सोपं, मजबूत, वर्षानुवर्षं चालणारं काम. पण फिल्टरचे तंतू स्वतःच प्रकाश विखुरतात. फोटॉन त्यात अनेकदा मागेपुढे जातो, त्याच कणाला पुन्हापुन्हा भेटतो आणि शोषण साधारण दुप्पट किंवा त्याहून जास्त दिसतं. म्हणून या आकड्याला सुधारणा-गुणक लावावा लागतो. म्हणजे पुन्हा फ्लुएन्सचीच भानगड.

फोटोअकूस्टिक यंत्रात कण हवेतच तरंगत असतो, फिल्टर नसतोच. लेसर सेकंदाला हजार-दोन हजार वेळा चालू-बंद होतो, कण तापतो, हवेला उष्णता देतो, मायक्रोफोन ऐकतो. फिल्टरवरच्या यंत्रांचे गुणक तपासायला म्हणूनच ही पद्धत वापरली जाते. तिचं स्वतःचं कॅलिब्रेशन बऱ्याचदा नायट्रोजन डायऑक्साइड वायूने करतात. तिथेही सावध राहावं लागतं: सुमारे ४०० नॅनोमीटरच्या खाली तो रेणू प्रकाशाने तुटू लागतो, आणि तुटण्यात गेलेली ऊर्जा लगेच उष्णतेत दिसत नाही.

आणि दमट हवेत? कणावर पाण्याचा थर असेल तर शोषलेल्या ऊर्जेचा काही भाग ते पाणी वाफ करण्यात जातो. मायक्रोफोनला आवाज कमी येतो आणि काजळी प्रत्यक्षापेक्षा कमी शोषते असं दिसतं. आपल्याकडच्या पावसाळी हवेत हा मुद्दा नजरेआड करून चालणार नाही. साधा उपाय म्हणजे हवा यंत्रात शिरण्याआधी कोरडी करणं, आणि तसं केल्याचं पेपरमध्ये लिहिणं.

पेपर वाचताना काय विचाराल?

पुढच्या वेळी कुठल्याही दुधाळ सॅम्पलचा 'अ‍ॅबसॉर्प्शन स्पेक्ट्रम' समोर आला, मग तो पेपरमधला असो की सिनिअरच्या स्लाइडवरचा, तर चार प्रश्न विचारा. यंत्राने प्रत्यक्षात काय मोजलं: न पोहोचलेला प्रकाश, की जमा झालेली उष्णता? उष्णता मोजली असेल तर सॅम्पलच्या आतला फ्लुएन्स कुठून आणला? शोषलेली सगळी ऊर्जा उष्णताच झाली हे कशावरून? आणि वेगळ्या प्रकारे चुकणाऱ्या दुसऱ्या पद्धतीने उत्तर पडताळलं का?

पीएच.डी.च्या इंटरव्ह्यूला 'तुमच्या सॅम्पलचं शोषण कसं मोजाल' असं विचारलं, तर यंत्राचं नाव सांगून थांबू नका. या चार प्रश्नांच्या दिशेने बोलायला लागा. तुम्ही मापनाचा विचार केलाय हे समोरच्याला लगेच कळतं.

त्याआधी एक छोटा गृहपाठ. तुमच्या डोक्यात असलेलं कुठलंही सॅम्पल घ्या. किती मिलिलिटर, किती मिलिवॉटचा लेसर, अंदाजे किती टक्के शोषण, हे तीन आकडे लिहा आणि १०० सेकंदांत तापमान किती वाढेल ते काढा. उत्तर एक मिलिअंशाच्या बरंच वर आलं तर थर्मिस्टर पुरेल. खाली आलं तर मायक्रोफोनचा किंवा वाकणाऱ्या शलाकेचा विचार करा. पाच मिनिटांचं गणित आहे, पण यंत्र मागवण्याआधी ते कागदावर झालेलं बरं.